धोम धरणात मत्स्यबीज सोडायचं आहे. कोणतं, कधी, आणि सोडावं का?

धोमकाठ । ९ मे, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी.

आमचं गाव धोम धरणाच्या फुगवट्याला, वाईच्या वरच्या अंगाला. जुनी वस्ती पाण्याखाली गेली तेव्हा आजोबांनी वर माळाला घर बांधलं. मी नोकरीला पुण्यात, पण पंधरा दिवसांतून एकदा गावी असतोच.

यंदा यात्रेच्या वर्गणीतले थोडे पैसे उरले. कुणी म्हणालं कमान उभारू, कुणी म्हणालं भांडी घेऊ. आमच्यातला एकजण स्वतः जाळं टाकतो. तो म्हणाला, "धरणात मासं सोडू. एवढं पाणी हाय, पण जाळ्यात येतंय काय? चिलापी, चिलापी आन् चिलापी." बैठकीत सगळ्यांना ते पटलं.

आजोबा सांगायचे, धरण व्हायच्या आधी कृष्णेच्या डोहात हातभर लांबीची खडशी दिसायची. उन्हात खवले तांब्यासारखे चमकायचे. मी आयुष्यात एकदाही पाहिली नाही. वांब आणि मरळ लहानपणी भरपूर खाल्ली, आता तीही क्वचितच.

तर विचारायचं असं की, कोणत्या जातीचं बीज घ्यावं? किती मोठं? पाऊस सुरू झाल्यावर की संपल्यावर? आणि एवढ्या मोठ्या पाण्यात आमच्या चार पिशव्यांनी काही फरक पडतो का? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी जरूर लिहावं.


गळवाला । ९ मे, रात्री ९.३४

कटला टाका, डोळे झाकून. चांगल्या पाण्यात वर्षात किलोभर होतो. खाली मृगळ, मधे रोहू, वर कटला. तिघांचं खाणं वेगवेगळ्या थरात, भांडण नाही.


सांगलीवाडी । ९ मे, रात्री १०.०२

आधी परवानगीचं बघा. धरणातली मासेमारी बहुतेक ठिकाणी ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थेकडे असते. बीज सोडणं हीही त्यांचीच जबाबदारी असते. तुम्ही परस्पर पिशव्या ओतल्या तर उद्या कुणी म्हणेल कसले रोगट मासे सोडले. संस्थेच्या अध्यक्षांना भेटा आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात अर्ज द्या. चांगल्या कामाला सहसा कुणी नाही म्हणत नाही.


जाळंपाणी । १० मे, सकाळी ६.४८

मी एका संस्थेचा सभासद आहे. तलाव तुमच्यापेक्षा लहान, कोरेगाव भागात. वडील धरणग्रस्त, मासेमारी त्यांनी पन्नाशीत शिकली. अनुभव सविस्तर लिहितो, कारण यात आम्ही बरंच नुकसान सोसलंय.

पहिली काही वर्षं आम्ही जुलैत बीज आणून थेट तलावात सोडायचो. गाडी यायची, फोटो व्हायचे, नारळ फुटायचा. ते बीज नखाएवढं. पुढच्या आठवड्यात पाऊस लागायचा, सांडवा वाहायचा आणि अर्धं बीज पाण्याबरोबर खाली. राहिलेलं मरळ आणि शिंगाडा माशांनी खाल्लं. दिवाळीनंतर जाळ्यात काही दिसायचं नाही, मग पुढच्या वर्षी पुन्हा नारळ.

मोजणीचंही सांगतो. बीज वाटीनं मोजतात. एका वाटीत किती भरलं ते मोजायचं आणि तेवढ्या वाट्या पिशवीत टाकायच्या. एका वर्षी एका विक्रेत्याकडून घेतलेल्या पिशव्यांवर हजार-हजार लिहिलेलं होतं. मला शंका आली. मी आणि बायकोनं ओट्यावर परात मांडून एक पिशवी चमच्या-चमच्यानं मोजली. सहाशेच्या आत आटोपली. त्या दिवसापासून कोणतीही पिशवी घेताना आम्ही एक स्वतः उघडून मोजतो, आणि विकणाऱ्याच्या डोळ्यांदेखत.

आता पद्धत बदलली आहे. जुलैत बारीक बीज घेतो, पण ते तलावात जात नाही. एका सभासदाचं शेततळं आहे. त्याला वरून जाळी, नाहीतर बगळे आणि धीवर पक्षी संपवून टाकतात. तिथं शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा घालून दसऱ्यापर्यंत वाढवतो. बोट-दीड बोट लांबीची झाली की तलावात. तोवर सांडवा बंद झालेला असतो आणि एवढ्या पिलाला गिळायला मरळही मोठीच लागते. लाखभर नखाएवढ्या बीजापेक्षा अशी दहा हजार पिलं बरी, हे मी आमच्या वजनकाट्यावर पाहिलंय.

सोडताना पिशवी फोडून धबकन ओतायची नाही. पिशवी न उघडता तलावाच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवा, म्हणजे आतलं-बाहेरचं पाणी सारखं होईल. मग तोंड सोडून तलावाचं पाणी थोडं थोडं आत घ्या. शेवटी पिशवी आडवी करा, पिलं आपोआप बाहेर जातात. वेळ सकाळची लवकर किंवा संध्याकाळची. भर दुपारी सोडलेली पिलं तासाभरात पांढरी पोटं वर करून तरंगताना पाहिली आहेत. तो नजारा पुन्हा नको.


मिरजेची सून । १० मे, सकाळी ९.१५

जाळंपाणी दादा, फार छान लिहिलंत. बीज, बोटुकली, मत्स्यजिरे असे शब्द ऐकते, पण फरक काय? आणि मासे तलावात आपले आपण अंडी घालत नाहीत का, दरवर्षी बीज का सोडावं लागतं?


जाळंपाणी । १० मे, दुपारी १.२०

ताई, अंड्यातून नुकतं निघालेलं ते मत्स्यजिरे. खरंच जिऱ्याएवढं, सहा-आठ मिलिमीटर. पाव-अर्धा इंच उलटून इंचभर झालं की मत्स्यबीज, आणि बोटाएवढं झालं की बोटुकली. भावही त्याच क्रमानं चढतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्या प्रशिक्षणात मिळालं ते सांगतो. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे गंगेकडचे मासे. त्यांना अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं, साचलेल्या पाण्यात ती घालत नाहीत. पूर्वी गंगेच्या पुरातून बीज गोळा करून आणायचे. १९५७ साली १० जुलैला कटकच्या केंद्रात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून या माशांकडून अंडी घेण्यात यश मिळवलं. १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन त्यामुळेच. आज सोडतो ते बहुतेक बीज त्याच पद्धतीतून येतं.

सायप्रिनस हा मासा मात्र साचल्या पाण्यातही गवताला अंडी चिकटवतो. आणि चिलापीचं तर विचारूच नका. मादी अंडी तोंडात धरून उबवते. दोन-तीन महिन्यांची झाली की पिलं द्यायला तयार, आणि वर्षातून कितीतरी वेळा.


नदीपुत्री । १० मे, रात्री ८.५५

मी प्राणिशास्त्र शिकवते. गेली काही वर्षं विद्यार्थ्यांबरोबर कृष्णा-वेण्णेच्या ओढ्यांतून माशांच्या नोंदी घेते आहे. धोमकाठ यांनी खडशीचा विषय काढला म्हणून मनापासून बरं वाटलं, आणि म्हणूनच थोडं वेगळं मत मांडते.

वरच्या सगळ्या प्रतिसादांत मासा म्हणजे कटला-रोहू-मृगळ. संस्थांचं पोट त्यावर आहे, हे मान्य. पण कृष्णेचे स्वतःचे मासे आहेत, आणि जगाच्या शास्त्राला ते मराठी नावांनीच ठाऊक आहेत. १८३९ साली कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनच्या माशांची वर्णनं छापली, तेव्हा त्यानं नावं इथल्या माणसांच्या तोंडून उचलली. खडशीचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री. कोळशीचं हिप्सेलोबार्बस कोलस. दगडाला चिकटणाऱ्या मळ्याचं गारा मुल्या. गुंगवारीचं ऑम्पॉक गुंगवारी. नाकावर शिंगासारखा उंचवटा असलेला एक मासा आहे, त्याचं नाव नुकता, आणि तो जगात फक्त कृष्णेच्या खोऱ्यात सापडतो. हे नाव वर्गात सांगते तेव्हा सांगली-साताऱ्याच्या मुलांनी ते कधीच ऐकलेलं नसतं.

हे मासे का कमी झाले? जाळं हे एक कारण. माझ्या मते मोठं कारण धरण हेच आहे. पहिल्या पावसात हे मासे मोठ्या पाण्यातून ओढ्यांत वर चढतात आणि उथळ, गोट्याच्या तळावर अंडी घालतात. आपण त्यांना चढणीचे मासे म्हणतो. भिंत आडवी आली की खालचा मासा वर जात नाही. वरच्या बाजूला जे थोडे ओढे शिल्लक आहेत तिथे आपण भोकशी, म्हणजे मासे अडकवायचा सापळा, लावून नेमके अंडी भरलेलेच मासे पकडतो. एका चढणीच्या मासळीत हजारो अंडी असतात. तिची आमटी करून आपण पुढच्या वर्षी बीज विकत आणतो.

म्हणून माझं सांगणं इतकंच की, पैसे खर्चायचे असतील तर आधी तुमच्या गावचा ओढा राखा.


खटावचा पाटील । १० मे, रात्री १०.३१

नदीपुत्री ताई, तुमच्या तळमळीचा आदर आहे, पण मी सहमत नाही. आमच्याकडे माण-खटावात पाणीच मुळात चार-सहा महिने. पाझर तलाव, येरळवाडीसारखं मध्यम धरण, कधी भरतं तर कधी तळ दिसतो. तिथं ओढा राखून काय चढणार? ओढ्यालाच पाणी नाही. आम्हाला लवकर वाढणारा मासा लागतो. ऑक्टोबरात बोटुकली, मे महिन्याच्या आत पाऊण-एक किलो, पाणी आटायच्या आत बाहेर. कटला नसता तर आमच्या पाच-पंचवीस घरांना उन्हाळ्यात रोजगार हमीशिवाय काही नव्हतं. देशी मासा जपा म्हणणं सोपं, पण तो मला मे महिन्यात किराणा भरून देत नाही.


नदीपुत्री । १० मे, रात्री ११.०५

पाटील, तुमचं पटलं. आटणाऱ्या तलावासाठी मी हे म्हणतच नव्हते. तिथं कटलाच योग्य. धोम वेगळा आहे. तो पश्चिम घाटाच्या कुशीतला, वर बलकवडी, दोन्ही अंगांनी बारमाही नाही तरी चांगले वाहणारे ओढे. प्रत्येक पाण्याला एकच औषध द्यायचं का, एवढाच माझा प्रश्न.


खटावचा पाटील । १० मे, रात्री ११.१२

मग ठीक.


उजनीचा भाचा । ११ मे, सकाळी ७.३०

आजोळ भिगवणला, म्हणून चिलापीची बाजू मांडतो. सगळे तिला नावं ठेवतात, पण आज उजनीवर हजारो माणसं चिलापीवर जगतात. भिगवणचा पहाटेचा बाजार एकदा बघा. १९५२ साली ही परदेशातून भारतात आली, आता ती जाणार नाही. खायला गोड, काटे कमी.

पण एक मानतो. उजनीत वडाप लावून चिलापीचंच काय, कटल्याचंही अंगठ्याएवढं पिल्लू ओढतात. त्याचा नातेवाइकांनाही राग आहे. बीज सोडायचं आणि मागून वडाप ओढायचं, मग तलाव रिकामा राहतो. धोमकाठ, तुमच्याकडे वडापावर बंदी करून घ्या.


कराडकर । ११ मे, सकाळी ८.०४

वडापावर बंदी घातली तर आमच्या वाडीची माणसं कराडला कशी येणार हो? :)


उजनीचा भाचा । ११ मे, सकाळी ८.०९

हा हा! जीप नव्हे हो, बारीक आसाचं ओढायचं जाळं. उजनीला त्याला वडाप म्हणतात.


कराडकर । ११ मे, सकाळी ८.१५

समजलं. दोन्ही वडापांत कोंबून भरतात, एवढं मात्र खरं.


कोयनाखोरं । ११ मे, दुपारी ३.४०

पाटण तालुक्यातून लिहितोय. शिवसागराचा, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचा, अनुभव वेगळा. शंभर टीएमसीच्या वर पाणी, पण मासेमारीच्या दृष्टीनं फार अवघड. खोल आणि थंड, माशाला लागणारं बारीक हिरवं खाद्य कमी. बुडालेल्या जंगलाचे बुंधे तळाशी उभे आहेत, जाळं अडकलं की फाटूनच वर येतं. वीजनिर्मितीसाठी पाणी पश्चिमेला जातं, पातळी सतत खाली-वर होते, काठाला गवत धरत नाही, मग काठाला अंडी घालणाऱ्या माशानं काय करावं? शिवाय बराच भाग अभयारण्यात, आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. तिथं जाळं टाकायचा प्रश्नच येत नाही.

यावरून एक सुचवतो. धोमचं पाणी उन्हाळ्यात किती खाली जातं ते आधी पाहा. कालव्याला पाणी सुटलं की ओढ्याचं तोंड आणि जलाशय यांच्यात कोरडी पट्टी पडते का? पडत असेल तर पहिल्या पावसात मासा ओढ्यापर्यंत पोचतो कसा, हे बघायला हवं.

पिंजरा पद्धतीबद्दलही विचारलं जाईल म्हणून सांगतो. तरंगत्या पिंजऱ्यात पंगास मासा किंवा 'गिफ्ट' नावाची सुधारित चिलापी वाढवतात, २०२० मध्ये आलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत त्याला अनुदानाची सोय केली. धंदा म्हणून चांगला. पण खाद्याचा खर्च मोठा, गावच्या उरलेल्या वर्गणीचं ते काम नाही.


अक्वागुरू । ११ मे, रात्री ९.२२

तीन गोष्टी चुकूनही पाण्यात जाऊ देऊ नका.

आफ्रिकन मांगूर. केंद्रानं २००० सालीच बंदी घातली आहे, तरी चोरून विकतात. हा मासा दुसरे मासे खाऊन मोठा होतो, थोडा वेळ जमिनीवरूनही सरपटत पुढच्या डबक्यात जातो.

काचेच्या टाकीतला सकर मासा. माझं दुकान आहे, म्हणून हे जास्त सांगतो. लोक तो बोटाएवढा नेतात, फूटभर झाला की "देवाच्या पाण्यात सोडला" म्हणतात. अंगावर कवच, काटे असे की जाळी फाटते, आणि विकायला काडीचा उपयोग नाही. गिऱ्हाइकाला मी आता सांगतो, नको झाला तर मला आणून द्या, पण नदीत सोडू नका.

आणि चंदेरा, म्हणजे सिल्व्हर कार्प. बीजाच्या पिशवीत स्वस्त म्हणून मिसळून देतात. हिमाचलच्या गोविंदसागरात १९७१ च्या पुरात हा मासा शिरला आणि नंतर कटला मागे पडला. दोघांचं खाणं एकाच थरातलं. पिशवीत काय आहे ते उजेडात धरून पाहा.


गळवाला । ११ मे, रात्री ९.५०

एवढं वाचल्यावर माझं पहिलं "डोळे झाकून" मागे घेतो. डोळे उघडे ठेवून टाका.

खडशी सोडता येईल का मग? लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात टाटा कंपनी १९७० च्या दशकापासून महसीरचं (खडशी त्यातलीच) बीज तयार करते असं वाचलंय. तिथून पिलं आणली तर आजोबांची खडशी परत येईल की.


नदीपुत्री । ११ मे, रात्री १०.३७

तिथं मोठं काम झालंय, याबद्दल शंका नाही. खडशी आपलीच, त्यामुळे इथं ती परकी नाही. पण एक गोष्ट ऐका. लोणावळ्यात तयार झालेली हीच खडशी दक्षिणेत कावेरीतही सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा कुबड्या महसीर होता. खडशी वाढली आणि तो मागे पडत गेला. त्याचं शास्त्रीय नाव पक्कं व्हायलाच २०१८ उजाडलं, टॉर रेमादेवी, आणि तेव्हाच तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. आपला लाडका मासा दुसऱ्याच्या नदीत उपरा ठरला. म्हणून मासा चांगला की वाईट असं मी कधी सांगत नाही, कुठल्या पाण्यातला ते विचारते.

धोममध्ये खडशी आणायची असेल तर विभागाच्या आणि अभ्यासकांच्या सल्ल्यानं आणा. पण चढायला ओढा नसेल तर सोडलेली खडशी म्हातारी होऊन मरेल, मागे पिल्लू राहणार नाही. वाळणकोंडला, महाड तालुक्यात, काळ नदीच्या डोहात लोक पिढ्यान्पिढ्या माशांना देवाचे मानतात, पकडत नाहीत. तिथं मासा कुणी बाहेरून आणलेला नाही. डोह राखला, मासा राहिला.


वाईची लेक । १२ मे, सकाळी १०.१०

आम्ही शाकाहारी, पण धागा शेवटपर्यंत वाचला. माहेरी ढोल्या गणपतीच्या घाटावर आजी आम्हाला कणकेच्या गोळ्या द्यायची, माशांना घालायला. पाण्यावर गोळी पडली की खालून काळसर पाठी उसळायच्या. गेल्या वर्षी मुलाला घेऊन गेले, पाण्यावर निर्माल्य आणि प्लास्टिक. गोळ्या बुडाल्या, कुणी आलं नाही. तो विचारत होता, मासे झोपलेत का. मला उत्तर देता आलं नाही.


भिलवडीचा । १२ मे, सकाळी १०.४४

ताई, वाचून गलबललं. आमच्याकडे सांगली बाजूला नदीला मळीमिश्रित पाणी सुटलं की काठाला मेलेल्या माशांचा खच पडतो. पोरं पाट्या भरून नेतात, ते खाऊ नये हे कुणी सांगत नाही. मग आमच्या भिलवडी-औदुंबर पट्ट्यातल्या मगरी तरी काय खाणार? मासा संपला की त्या काठाच्या शेळी-कुत्र्याकडे वळतात आणि मग बातमी होते मगरीची. मळीची होत नाही.


कराडकर । १२ मे, दुपारी १२.३०

एवढं गंभीर झालंय तर जेवणाचं बोलू. मोठ्या कटल्याचं डोकं मिळालं तर काय करता? आमच्याकडे हळद-मीठ चोळून अर्धा तास, मग चिंचेच्या कोळात धुऊन घेतात, चिखलाचा वास जातो. सुकं खोबरं-कांदा भाजून वाटण, घरचा कांदा-लसूण मसाला, पातळसर रस्सा. सोबत ज्वारीची भाकरी. मृगळ मात्र मुलांना देऊ नका, बारीक काटे फार.


मिरजेची सून । १२ मे, दुपारी १२.४१

डब्यात दोडक्याची भाजी आहे आणि समोर हे वर्णन. अन्याय आहे.


रानवाट । १२ मे, रात्री ९.१८

एक बाजू अजून कुणी मांडली नाही. मी वाई-जावळीच्या कातकरी वस्त्यांवर शाळेचं काम करते. धरणाआधीपासून ही माणसं नदी-ओढ्यावर जगत आली. पाण्याच्या रंगावरून कुठल्या कपारीत वांब आहे ते सांगतात, हातानं पकडतात. ठेका संस्थेकडे गेला की यांच्या गळावरही आक्षेप येतो. सभासद व्हायला कागद लागतात, ते यांच्याकडे नाहीत. एका आजीनं मला विचारलं होतं, "नदी व्हती तवा मासं कुनाचं नव्हतं. आता धरानातलं मासं लोकांचं कसं झालं?"

नदीपुत्री ताई म्हणतात तसं ओढा राखायचा असेल तर तो या माणसांना हाकलून राखू नका. त्यांना बरोबर घ्या. चढण कुठे लागते, कुठल्या रात्री लागते, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही.


जाळंपाणी । १२ मे, रात्री १०.०२

रानवाट ताई, बरोबर बोललात. आमच्या संस्थेत दोन कातकरी घरांना गेल्या वर्षी सभासद करून घेतलं, ग्रामसेवकाच्या मदतीनं कागद झाले. आधीच करायला हवं होतं.


धोमकाठ । १५ मे, रात्री ८.२५

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा गावच्या ग्रुपवर टाकला, शनिवारी पारावर मोठ्यानं वाचून दाखवला. वाद झाला, पण चांगला झाला.

ठरलं ते असं. संस्थेच्या अध्यक्षांना भेटलो, त्यांनी आनंदानं होकार दिला. अर्ज त्यांच्यामार्फत जाईल. निम्म्या पैशांचं बीज, कटला आणि रोहू. जुलैत घेऊन माझ्या चुलत्याच्या शेततळ्यात, वर जाळी, दसऱ्यानंतर धरणात. एक पिशवी परातीत मोजणार, हे काम आईनं मागून घेतलंय.

उरलेले निम्मे पैसे ओढ्यासाठी. पहिल्या पावसापासून तीन आठवडे आमच्या ओढ्यात भोकशी नाही, जाळं नाही. राखणीला वस्तीवरचे दोन कातकरी भाऊ, रोजानं. त्यांनीच पहिल्या दिवशी एक गोष्ट दाखवली, जी आम्ही रोज गाडीवरून जाताना पाहत होतो आणि दिसली नव्हती. ओढ्यावर जी सिमेंटची फरशी आहे, तिच्या खालच्या अंगाला पाण्यानं माती खाऊन दीड हाताचा कडा झालाय. थोरला भाऊ म्हणाला, "मासा हितवर येतो, उडी मारतो, फरशीवर आपटतो, परत पडतो. रातभर. सकाळी आमी येऊन वेचतो."

कोयनाखोरं, तुम्ही म्हणालात तशी कोरडी पट्टीही आहे, पण पहिल्या मोठ्या पावसात ती भरते असं ते म्हणतात.


कोयनाखोरं । १५ मे, रात्री ९.००

फरशीचा कडा हेच खरं कुलूप आहे. खालून दगड रचून उतार करा. मोठे दगड तळाशी, मधल्या फटीत लहान, पाणी पायरी-पायरीनं पडलं पाहिजे. सिमेंट नको.


नदीपुत्री । १५ मे, रात्री ९.२०

मी विद्यार्थ्यांना घेऊन दगड रचायला येते. रविवार सांगा.


धोमकाठ । १९ जून, पहाटे ४.५०

झोप नाही, म्हणून आत्ताच लिहितो.

काल संध्याकाळी पाचगणीच्या अंगानं आभाळ आलं आणि रात्री दहापर्यंत ओढा तांबड्या पाण्यानं भरला. आम्ही सात-आठजण फरशीवर. बॅटरीला लाल कागद लावला होता, थोरल्या भावानं सांगितलं होतं, पांढरा उजेड पाडू नका. तासभर काही नाही. मग त्यानं माझा हात धरून रचलेल्या दगडांवर ठेवला. ओल्या दगडावर काहीतरी वळवळत होतं. बोटाएवढे मासे, पोटानं दगडाला चिकटलेले, पाण्याच्या पातळ थरातून इंच-इंच वर सरकत होते. एक लाट आली की थांबायचे, गेली की पुन्हा. बघता बघता दगड त्यांनी भरून गेला.

बारानंतर मोठे आले. खालच्या डबक्यात फटकारे ऐकू यायचे. दगडांच्या मधल्या पायरीवर थांबून, दम खाऊन, दुसऱ्या उडीत फरशीच्या वर. मी सतरा मोजले, मग मोजायचं विसरलो. त्यातला एक हातभर होता. बॅटरीच्या कडेला आला तेव्हा रुपयाएवढे खवले दिसले, तांबूस. वडील शेजारी उभे होते. ते काही बोलले नाहीत, नुसते खाली बसले.

फोटो धूसर आलाय, खाली टाकतो. नदीपुत्री ताई, बघून सांगा.


नदीपुत्री । १९ जून, सकाळी ६.१२

दगडाला चिकटलेले ते मळ्या. तोंडाच्या मागे चकती असते, तिनं धरून चढतात. अंगावर काटा आला वाचून.

मोठ्याचं फोटोवरून खात्रीनं सांगता येत नाही. मिशा दिसल्या का? खडशीला दोन जोड्या असतात, ओठ जाड, मांसल. कोळशीही चढते, तिचेही खवले मोठे.


धोमकाठ । १९ जून, सकाळी ६.३०

मिशा दिसल्या नाहीत, क्षणभरच होता. आज रात्री पुन्हा बसतोय. वडिलांनी सुट्टी टाकायला सांगितली आहे.


वाईची लेक । १९ जून, सकाळी ७.०५

मुलाला घेऊन येऊ का? तो गप्प बसेल, मी जबाबदारी घेते.


धोमकाठ । १९ जून, सकाळी ७.०८

या ताई. अंधार पडायच्या आत या, रेनकोट आणा. लाल कागद आमच्याकडे आहे.